फ्रँचायझी सेटअप सपोर्ट : ड्रॉइंग त्यांचं, बाकी सगळं आपलं (रेटिंग ३/५)

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या आउटलेटसाठी पिझ्झा-बर्गरच्या एका चेनचा ‘संपूर्ण सेटअप सपोर्ट’ घेतला, त्याचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम घालत नाही, ॲग्रीमेंट अजून चालू आहे.

आधी चांगलं सांगतो. ट्रेनिंग झकास. पोरं त्यांच्या किचनमध्ये शिकून आली, ओपनिंगला त्यांची माणसं इथं थांबली. किचनचा लेआउटही डोकं लावून काढलेला: कच्चा माल मागून येतो, पार्सल पुढून जातं, मध्ये कुणाचा कुणाला धक्का नाही.

आता ‘सपोर्ट’ म्हणजे काय ते ऐका. ड्रॉइंग, रंगाचा शेड नंबर, व्हेंडरची यादी आणि शेवटी येऊन ‘हे चालणार नाही’ म्हणणारा इंजिनिअर, एवढं त्यांच्याकडं. थ्री-फेज विजेचा लोड वाढवणं, फायर एनओसी, एफएसएसएआयचं म्हणजे खाद्यपदार्थांचं लायसन, सांडपाण्यातलं तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप, सिलिंडरची गॅस बँक, जागामालकाची संमती हे सगळं आपल्या बोकांडी. लायसन आपल्या नावावर, म्हणजे नोटीसही आपल्याच नावानं. फायरचं तर एकदा करून भागत नाही. आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं सांगणारा फॉर्म बी लायसनवाल्या एजन्सीकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. ब्रोशरमध्ये याची एक ओळ नाही.

एक्झॉस्टची गंमत वेगळीच. ड्रॉइंगमध्ये डक्ट मागच्या भिंतीतून बाहेर काढलेला, त्याचं तोंड बरोबर वरच्या काकू पापड वाळत घालतात तिथं. इंजिनिअर म्हणाला, “सर, सगळीकडं असंच करतो.” काकू म्हणाल्या, “धूर वर आला तर मी खाली येऊन गल्ल्यावर बसणार बघ.” डक्ट गच्चीपर्यंत नेला. उंची आणि वळणं वाढली म्हणून मोटर मोठी घ्यावी लागली. बिल अर्थातच आम्हाला.

त्याआधी व्हीनस कॉर्नरजवळची एक जागा बघत होतो. तिथल्या ड्रॉइंगमध्ये यांनी डीप फ्रीझर तळघरात ठेवले होते! २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं, हे कोल्हापुरातलं शाळकरी पोरगंही सांगेल.

ओव्हन आणि फ्रायर त्यांच्या व्हेंडरकडूनच घ्या, त्यात वाद नको. पण टेबल, सिंक, रॅक यांसाठी आपलं उद्यमनगर सोडू नका. तिथल्या फॅब्रिकेटरनं पहिला प्रश्न विचारला, “३०४ का २०२?” म्हणजे स्टेनलेस स्टीलचा ग्रेड कुठला. यादीतल्या व्हेंडरच्या कोटेशनमध्ये नुसतंच ‘एसएस’ लिहिलेलं. २०२ स्वस्त पडतं, पण ओल्या किचनात लवकर गंजतं. ३०४ लिहून घेतलं आणि तरी स्वस्तात पडलं. कंपनीची परवानगी मिळवायला मात्र मेलवर मेल टाकावे लागले.

जीएसटीचं गणित सेल्सवाला सांगत नाही. रेस्टॉरंट ५ टक्क्यांत बसतं, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. म्हणजे इंटिरिअरवरचे १८ टक्के खिशातूनच. २५ लाखांचं कोटेशन हातात पडतं तेव्हा ते साडेएकोणतीस लाखांचं असतं. कंपनीला द्यायच्या रॉयल्टीवरही १८ टक्के, तेही दर महिन्याला.

स्वतः साइटवर उभं राहायला वेळ असेल तर घ्या. नुसते पैसे गुंतवून मोकळं व्हायचं असेल तर नको. आणि काम चालू असेपर्यंतचं भाडं माफ, हे मालकाकडून रजिस्टर करारातच लिहून घ्या, कारण कंपनीच्या ओपनिंगच्या तारखेत परवान्यांचे दिवस धरलेले नसतात.