ट्रेलरवरची बोट घेऊन कॅनडा की मेक्सिको? कागदपत्रांची तुलना

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून ट्रेलरवर बोट घालून देशाबाहेर जायचं, तर दोन वाटा आहेत: उत्तरेला ब्रिटिश कोलंबियाची गल्फ बेटं, दक्षिणेला बाहा कॅलिफोर्निया आणि कोर्तेझचा समुद्र. सिअ‍ॅटल किंवा बे एरियात राहणारी, वीस-बावीस फुटी बोट असलेली मंडळी बहुतेकदा अंतर आणि हवामान बघून ठरवतात. आमचं मत असं की आधी कागद बघा. कॅनडा माणसाचे कागद आणि बोटीचं बूड तपासतो. मेक्सिको बोटीवरचे आकडे तपासतो. तुमची बाजू कुठे कच्ची आहे, त्यावर निवड ठरते.

आधी पासपोर्ट

घरात सगळे अमेरिकन नागरिक असतील तर हा भाग सोडून द्या. भारतीय पासपोर्ट असेल तर मात्र निम्मा निर्णय इथेच होतो.

ग्रीन कार्ड असलेल्यांना दोन्हीकडे व्हिसा लागत नाही. कॅनडासाठी वैध पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही जवळ हवेत. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-४ (त्यावरच्या कुटुंबीयांचा व्हिसा) यावर असाल तर फरक पडतो. कॅनडासाठी वेगळा व्हिसा काढावा लागतो, त्यात बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि आठवडे जातात. मेक्सिको मात्र पासपोर्टवरचा अमेरिकेचा वैध व्हिसा चालवून घेतो. यात वैध म्हणजे पासपोर्टवरचा शिक्का वैध. अनेकांचा शिक्का संपलेला असतो आणि हातात फक्त आय-७९७ ही मंजुरीची नोटीस असते. मेक्सिकोच्या नाक्यावर तिचा उपयोग नाही.

अशांना परतीसाठी एक सोय आहे. कॅनडात किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत राहून, आय-९४ ही अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद वैध असेल आणि तिथे नवीन व्हिसासाठी अर्ज केलेला नसेल, तर संपलेल्या शिक्क्यावरही अमेरिकेत परत येता येतं. ही सोय परतीची आहे. समोरच्या देशात शिरायचा हक्क त्यातून मिळत नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो.

कॅनडा: कागद थोडा, तपासणी कडक

फिरायला आलेल्या माणसाच्या बोटीसाठी कॅनडात आगाऊ परवाना काढावा लागत नाही. नाक्यावर गाडी, ट्रेलर आणि बोट एकत्रच जाहीर करायची. राज्याच्या नोंदणीची मूळ प्रत, ट्रेलरची नोंदणी आणि कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्र जवळ ठेवा. अधिकाऱ्याला वाटलं तर तो ई२९बी नावाचा तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतो. दिला, तर परतताना नाक्यावर तो बंद करून घ्यायचा. नाहीतर बोट कॅनडातच राहिली अशी नोंद कायम राहते.

बोट चालवणाऱ्यासाठी कॅनडात ऑपरेटर कार्ड, म्हणजे बोट चालवता येते याचा दाखला लागतो. परदेशी नोंदणीची बोट घेऊन सलग ४५ दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्या पाहुण्याला त्यातून सूट आहे. मुक्काम किती दिवसांचा आहे हे दाखवता यावं म्हणून कॅम्पग्राउंड किंवा मरीनाचं आरक्षण हाताशी असलेलं बरं. सरे किंवा व्हँकुव्हरला राहणाऱ्या मावसभावाला बोट वापरायला देऊन स्वतः परत येण्याचा बेत असेल, तर तो सोडा. पाहुण्याच्या नावाने आत आलेली बोट तिथल्या रहिवाशाला देणं हा सीमाशुल्काचा भंग ठरतो. हिवाळ्यात बोट तिथेच ठेवायची असेल तर बोटयार्डात खऱ्या दुरुस्तीचं काम असावं आणि त्याचा लेखी कार्यादेश आधीच सीमा अधिकाऱ्याला दाखवलेला असावा.

खरी परीक्षा पुढे असते. झेब्रा आणि क्वागा जातीचे नखाएवढे शिंपले बोटीच्या बुडाला, इंजिनाच्या पाण्याच्या वाटांना आणि ट्रेलरच्या पोकळ दांड्यांना चिकटून तळ्यांमध्ये पसरतात. २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार ते मेलेले असले तरी पश्चिम कॅनडात आणता येत नाहीत. ब्रिटिश कोलंबियात रस्त्यावरचं तपासणी केंद्र उघडं असेल तर थांबणं सक्तीचं आहे, टपावर फक्त कायाक असली तरी. न थांबल्यास ३४५ कॅनेडियन डॉलर दंड. अल्बर्टामार्गे जाणाऱ्यांनी जास्त जपावं: तिथे २०२४ पासून हाच दंड ४,२०० डॉलर आहे. ब्रिटिश कोलंबियात मे २०२४ पासून रस्त्यावर बोट नेताना तळाचं बूच काढलेलं असणंही बंधनकारक आहे.

बोट आधी कुठल्या पाण्यात होती, हा तिथला पहिला प्रश्न. लेक मीडमध्ये २००७ साली क्वागा सापडला, तेव्हापासून कोलोराडो नदीच्या तळ्यांतून आलेली बोट धोक्याची समजली जाते. कॅलिफोर्नियाच्या डेल्टात ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनेरी शिंपला सापडल्यापासून स्टॉकटनकडे फिरवलेल्या बोटीलाही तीच वागणूक मिळू शकते. संशय आला तर गरम पाण्याने धुतात, आणि पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे ३० दिवसांपर्यंत, पाण्यात उतरवायला मनाई करू शकतात. धुण्याचे पैसे घेत नाहीत, पण सुट्टी मात्र जाते. सर्वांत जास्त अडतात त्या वेकबोर्डच्या बोटी, कारण बॅलास्ट टाकीत, म्हणजे वजनासाठी पाणी भरायच्या टाकीत, चार-पाच लिटर पाणी उरतंच. म्हणून निघण्याआधी टाक्या, लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी) आणि बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचायची जागा) रिकामे करा, आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं इंजिन) उभा धरून पाणी पूर्ण गळू द्या, आणि गाद्यांखालचे कप्पे उघडे ठेवून वाळवा. जिवंत आमिषही बरोबर नेऊ नका.

मेक्सिको: कागद मोठा, पण एकदाच

इथला मुख्य कागद म्हणजे तात्पुरत्या आयातीचा परवाना, सगळे त्याला टीआयपी म्हणतात. तो बान्हेर्सितो ही लष्कराची बँक देते, ऑनलाइन किंवा नाक्यावरच्या खिडकीवर. ४.५ मीटरहून, म्हणजे साधारण पावणेपंधरा फुटांहून लांब बोटीला स्वतंत्र टीआयपी लागतो. त्याहून लहान बोट ओढणाऱ्या गाडीच्या परवान्यावर लिहिली जाते.

बोटीचा टीआयपी १० वर्षं चालतो. त्या काळात बोट तिथेच ठेवून तुम्ही कितीही वेळा ये-जा करू शकता. गाडीचं तसं नाही. गाडीचा परवाना १८० दिवसांचा असतो आणि त्यावर अनामत भरावी लागते: २००७ आणि नंतरच्या मॉडेलला ४०० अमेरिकी डॉलर, २००१ ते २००६ ला ३००, त्याआधीच्याला २००. मुदतीत गाडी बाहेर आली नाही तर अनामत जप्त होते आणि पुढचा परवाना अडतो. ट्रेलर त्याच परवान्यावर लिहिला असेल तर गाडीबरोबर तोही बाहेर यायला हवा. बोट मागे ठेवून येताना लोक ट्रेलरही तिथेच सोडतात आणि इथे अडकतात.

बाहा कॅलिफोर्नियाच्या दोन्ही राज्यांत आणि सोनोराच्या पश्चिम पट्ट्यात गाडीला टीआयपी लागत नाही. त्यामुळे ला पास, लोरेतो किंवा सान कार्लोसला जाणाऱ्यांचा हा ताप वाचतो. मासातलानला जाणाऱ्यांचा वाचत नाही. बोटीचा टीआयपी मात्र बाहातही काढावा. नाक्यावर कुणी विचारणार नाही, पण मरीनात आणि पाण्यावरच्या तपासणीत विचारतात.

अर्जाला पासपोर्ट, प्रवासी प्रवेशपत्र म्हणजे एफएमएम, बोटीची मालकी दाखवणारा कागद आणि इंजिनांचे क्रमांक लागतात. बोट कंपनीच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं अधिकारपत्रही लागतं. खरी चूक होते ती हुल क्रमांकात, म्हणजे बोटीच्या ओळख क्रमांकात. मागच्या फळीवर उजव्या बाजूला कोरलेला हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक नोंदणीवरून उतरवू नका, बोटीवरून वाचा आणि मग नोंदणीशी ताडून बघा. चौथ्यापासून आठव्या जागेपर्यंत ओ, आय आणि क्यू ही अक्षरं वापरायची मनाई आहे. तिथे गोल दिसलं तर ते शून्यच. नोंदणी कार्यालयात टंकलेखकाने ओ घातलेला असेल तर आधी घरच्या राज्यात दुरुस्ती करून घ्या. आउटबोर्ड बदलला असेल तर नव्याचं बिल बरोबर असू द्या, आणि डिंगीसह (सोबतच्या छोट्या होडीसह) तिचं इंजिनही परवान्यात लिहून घ्या.

जुनी बोट घेणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचं: आधीच्या मालकाने टीआयपी काढून तो रद्द केला नसेल, तर त्या हुल क्रमांकावर तुम्हाला नवा मिळत नाही. रद्द करायला मूळ कागद लागतो, आणि तो हरवला असेल तर मेक्सिकोच्या कर खात्याकडे अर्ज करावा लागतो, ज्यात महिने जाऊ शकतात. म्हणून सॅन दिएगोच्या बाजूची जुनी बोट विकत घेताना रद्द केल्याची पावती मागा. पावती नाही आणि बोट पूर्वी मेक्सिकोत जाऊन आलेली आहे, तर पहिल्या वर्षी उत्तरेलाच जा.

एफएमएम तुम्हाला स्वतः मागून घ्यावा लागतो. तिहुआनात हिरवा दिवा लागला की गाड्या सरळ शहरात शिरतात आणि प्रवेशपत्राशिवाय बोटीचं काम अडतं. ट्रेलर असेल तर सामान जाहीर करायच्या रांगेतच शिरा. तिथे थांबवतात, त्यामुळे खिडकीपर्यंत चालत जाता येतं.

रस्ता आणि विमा

ब्रिटिश कोलंबियात रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे; साडेआठ फुटी बोट जेमतेम बसते. १,४०० किलोवरच्या ट्रेलरला ब्रेक हवेत. २,८०० किलोवर गेलात तर चालकाच्या जागेवरून लावता येणारे ब्रेक आणि ट्रेलर सुटल्यास आपोआप लागणारा ब्रेक, दोन्ही हवेत. विमा कॅनडात बहुतेक अमेरिकी पॉलिसींवर चालतो. कंपनीकडून त्याचं कॅनडासाठीचं कार्ड मागवून घ्या.

मेक्सिकोत अमेरिकेची मोटार पॉलिसी दायित्वासाठी ग्राह्य नाही. मेक्सिकोच्या कंपनीची पॉलिसी घ्यावीच लागते आणि तिच्यात ट्रेलर व बोट नावानिशी लिहिलेली हवीत. फक्त गाडी लिहून मागे बोट ओढत असताना अपघात झाला, तर पूर्ण दावा नाकारला जाऊ शकतो. बोट पाण्यात उतरल्यावर ही पॉलिसी लागू नसते. मरीना वेगळी पॉलिसी मागते. बोटीच्या अमेरिकी पॉलिसीत कुठल्या पाण्यापर्यंत संरक्षण आहे, ते कलम दोन्ही देशांसाठी वाचा.

मासे आणि रेडिओ

कॅनडात जो गळ टाकतो त्याला परवाना, आणि खाऱ्या पाण्याचा केंद्राकडून, गोड्या पाण्याचा प्रांताकडून. मेक्सिकोत बोटीवर एक जरी गळ असला तरी बोटीवरच्या प्रत्येकाचा परवाना हवा, मासे न पकडणाऱ्या आजीचाही. दिवसाला माणशी १० मासे, त्यांत एका जातीचे ५ च. शेवंड, कोळंबी, कालवं परदेशी माणसाने काढायची नाहीत.

परदेशी बंदरात जायचं तर बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओसाठी एफसीसी या अमेरिकी दळणवळण आयोगाचा जहाज परवाना आणि रेडिओ चालवणाऱ्याचा परवाना, दोन्ही दोन्ही देशांसाठी काढावेत. पहिला १० वर्षांचा, दुसरा आयुष्यभराचा.

परतताना

महागडे इंजिन, रडार आणि कॅमेरे यांसाठी निघण्यापूर्वी अमेरिकेच्या सीमा कार्यालयात ४४५७ क्रमांकाचा मोफत फॉर्म करून घ्या. वस्तू बाहेर विकत घेतलेली नाही याचा तो पुरावा. कॅनडातून येणाऱ्यांनी ई२९बी बंद करावा. मेक्सिकोतून बोट कायमची बाहेर आणत असाल तर टीआयपी त्याच दिवशी खिडकीवर रद्द करा, शिक्का मारलेली पावती बोटीच्या फाइलमध्ये ठेवा आणि बोट विकाल तेव्हा नव्या मालकाच्या हातात द्या.