गल्लीच्या रुंदीची लेन्स : कॅननची २४ मिमी पॅनकेक आणि कोल्हापूर

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून फिरताना छायाचित्रकाराला पहिली अडचण भासते ती जागेची. उंबरठ्यावरची रांगोळी, दारावरचे तोरण, ओट्यावरचे तुळशीवृंदावन, हाताने रंगवलेली दुकानाची पाटी, आरसे आणि फुंदे लावून सजवलेली रिक्षा असे विषय पावलापावलावर भेटतात. परंतु मागे सरकायला वाव नसतो, कारण पाठीशी समोरच्या घराची भिंत असते आणि मधल्या जागेत दुचाकी लावलेल्या असतात. म्हणून अशा रोजच्या छायाचित्रणासाठी एखादी लेन्स कशी आहे हे ठरवताना मी तिची तीक्ष्णता दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या गल्लीत एका भिंतीला टेकून उभे राहिल्यावर समोरच्या भिंतीवरचे किती दिसते, हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि कॅननच्या ‘ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम’ या लेन्सचे हे परीक्षण मुख्यतः त्याच प्रश्नाभोवती आहे.

ही लेन्स २०१४ साली बाजारात आली. तिची जाडी २२.८ मिमी आणि वजन १२५ ग्रॅम आहे. चपट्या आकारामुळे छायाचित्रकार तिला ‘पॅनकेक’ म्हणतात. ती फक्त कॅननच्या क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान आकाराचा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यांसाठी बनवलेली आहे, म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या हौसेपायी किंवा मुलांच्या कौतुकापायी घेतले गेलेले आणि नंतर कपाटात पडून राहिलेले जे असंख्य डीएसएलआर आहेत, त्यांतील बहुतेक कॅनन बॉडींवर ती बसते. लेन्सच्या नावातील मिमीचा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद; या सेन्सरवर तिचा दृश्यकोन फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावरील ३८ मिमी लेन्सइतका भरतो. ईओएस २००डी सारख्या लहान बॉडीवर ती चढवली, की सगळा संच सहाशे ग्रॅमच्या आत राहतो आणि भाजीच्या पिशवीत किंवा डब्याच्या पिशवीत सहज मावतो. रोजचे छायाचित्रण रोज घडायचे असेल तर कॅमेरा रोज बरोबर असावा लागतो, आणि माझ्या मते झूम लेन्सच्या तुलनेत या लेन्सची सर्वांत मोठी जमेची बाजू तीच आहे.

आता गल्लीचा हिशेब पाहू. दहा फुटांच्या, म्हणजे सुमारे तीन मीटर रुंदीच्या गल्लीत भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तर २४ मिमीच्या चौकटीत समोरच्या भिंतीचा आडवा सुमारे २.८ मीटर आणि उभा सुमारे १.९ मीटर भाग येतो. कॅमेरा उभा धरला की हेच आकडे उलटतात, आणि मग जुन्या घराचे दार त्याच्या दोन पायऱ्यांसह, चौकटीवरच्या गणेशपट्टीसह आणि वरच्या आंब्याच्या डहाळीसह पूर्ण बसते. ५० मिमीची स्वस्त आणि लोकप्रिय लेन्स याच जागेवरून जेमतेम १.३ मीटरची रुंदी दाखवते. तीत दाराची कडी सुंदर येते, पण ती कोणत्या दाराची आहे ते कळत नाही. रिक्षाची लांबी अडीच मीटरपेक्षा थोडी अधिक असते, त्यामुळे तीन मीटरवरून ती या लेन्सच्या आडव्या चौकटीत नंबरप्लेटपासून पुढच्या चाकापर्यंत अगदी काठोकाठ मावते. कोल्हापूरचे रिक्षावाले आपल्या रिक्षेवर किती जीव लावतात हे येथे कोणाला सांगायला नको. सजवलेल्या रिक्षांच्या स्पर्धाही भरतात. त्या सजावटीतील हुडाचे शिवणकाम, मडगार्डवरचे नक्षीकाम आणि मागच्या काचेवरची अक्षरे एकाच चौकटीत घेता येणे, ही मला या लेन्सची खरी परीक्षा वाटली आणि ती तिने उत्तम पार केली.

येथे साहजिकच कोणी विचारील की हे सगळे मोबाईलने होत नाही काय. होते, आणि पुष्कळदा चांगले होते. परंतु बहुतेक मोबाईलांचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबाने २४ ते २६ मिमीचा, म्हणजे यापेक्षा बराच रुंद असतो. तेवढेच दार चौकटीत भरायचे तर मोबाईलवाल्याला दारापासून दोन मीटरवर येईपर्यंत पुढे जावे लागते, आणि इतक्या जवळून कॅमेरा किंचितही वर झुकला की दाराचे खांब वरच्या बाजूस एकमेकांकडे कलतात आणि उंबरठा फुगल्यासारखा दिसतो. सजावटीच्या छायाचित्रात सरळ रेषा सरळ राहणे फार महत्त्वाचे असते, कारण तोरण, चौकट, कोनाडा आणि पायरी या सर्वांची रचना ज्याने केली त्याने ती समोरून पाहण्यासाठीच केलेली असते. २४ मिमीची लेन्स छातीच्या उंचीवर सरळ धरली, तर ही समोरासमोरची मांडणी जशीच्या तशी उतरते. हाताने रंगवलेल्या पाट्यांबाबत तर हे अधिकच खरे आहे. बाबूराव पेंटर यांच्या या शहरात, जेथे शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेराही घरीच घडवला गेला, पाटीवरच्या अक्षराचे वळण ही गांभीर्याने घेण्याची गोष्ट आहे. ते वळण लेन्सने बदलू नये एवढीच अपेक्षा असते. या लेन्समध्ये कडेच्या रेषांना अगदी किंचित बाक येतो, तो कॅमेऱ्यात किंवा संगणकावर एका खुणेने दुरुस्त होतो.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र जाहिरातीतील शब्दांवर विसंबू नये. एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे उघडते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स २४ मिमीला एफ/४ पर्यंत उघडते, ही एफ/२.८ पर्यंत उघडते, म्हणजे दुप्पट प्रकाश आत घेते. हा फायदा पापाची तिकटी येथील कुंभार गल्लीत गणेशोत्सवाआधीच्या दिवसांत स्पष्ट जाणवतो. पावसासाठी बांधलेल्या ताडपत्रीखाली उजेड कमी असतो, ट्यूबलाइटचा पांढरा आणि ताडपत्रीचा निळा रंग एकमेकांत मिसळलेला असतो, आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा हात थांबत नाही. तेथे एफ/२.८, १/१२५ सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० असे काम चालते. किट लेन्सने आयएसओ ३२०० वर जावे लागते आणि शाडूच्या मऊ रंगछटांमध्ये दाणेदारपणा येऊ लागतो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल ठेवावी, कारण या मिश्र उजेडात मूर्तीचा पिवळा पीतांबर हिरवट होतो आणि तो नंतर सुधारावा लागतो.

परंतु या लेन्समध्ये स्थिरीकरण, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी सोय, नाही, आणि किट लेन्सच्या अलीकडच्या बहुतेक आवृत्त्यांमध्ये ते आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या उजळतात तेव्हा गर्दीत ट्रायपॉड मांडणे शक्य नसते आणि समोरचा विषय, म्हणजे दगडी पायऱ्या, दीपमाळा, रांगोळ्या आणि पाण्यातली प्रतिबिंबे, बहुतांशी स्थिर असतो. अशा वेळी स्थिरीकरण असलेली किट लेन्स हातात धरून १/८ सेकंदापर्यंतही चांगले छायाचित्र देते, तर या लेन्सने १/३० च्या खाली जाण्याचा भरवसा मला वाटत नाही. थोडक्यात कारागिराच्या हलत्या हातासाठी ही लेन्स आणि स्थिर दिव्यासाठी किट लेन्स, असा उलटा हिशेब आहे. ज्यांना फक्त दिवाळीचे आकाशकंदील आणि घाटावरचे दीपोत्सवच टिपायचे आहेत त्यांनी केवळ एफ/२.८ या आकड्याकडे पाहून खर्च करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

ही लेन्स मला सर्वाधिक आवडली ती जवळच्या कामासाठी. तिचे किमान फोकस अंतर सेन्सरपासून १६ सेंटिमीटर आहे, आणि तेवढ्यावर चौकटीत सुमारे आठ सेंटिमीटर रुंदीचा भाग येतो. चप्पल लाइनमधल्या दुकानात टांगलेल्या कोल्हापुरी चपलेची वेणी, तिचा लाल गोंडा, कानाच्या कडेची शिवण आणि तेलाने गडद झालेल्या कातड्याचा पोत हे सर्व यात इतके नीट उतरते, की अगदी जवळून टिपण्यासाठीच्या खास मॅक्रो लेन्सची आठवण येत नाही. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हापासून तिची जाहिरातीतील गुळगुळीत छायाचित्रे पुष्कळ पाहायला मिळतात. हाताच्या टाक्यांमधला असमानपणा मात्र त्यांत दिसत नाही, आणि तो दाखवायला इतक्या जवळ जाणारी साधी लेन्सच हवी. गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, कोल्हापुरी साजातील मासा, कारले, चंद्र अशी पाने वेगवेगळी ओळखू येतील इतक्या जवळ जाता येते. मात्र लेन्सचे तोंड आणि दागिना यांत तेव्हा नऊ-दहा सेंटिमीटरच अंतर उरते आणि लेन्सची स्वतःची सावली सोन्यावर पडते. सराफाच्या परवानगीने दागिना काचेच्या पेटीच्या दर्शनी बाजूस, रस्त्याकडून येणाऱ्या उजेडात ठेवता आला तर ही अडचण सुटते.

मोठ्या वास्तूंविषयी फार सांगण्यासारखे नाही. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला नवा राजवाडा मोकळ्या आवारात असल्याने पुरेसे मागे जाऊन मनोऱ्यासह घेता येतो. भवानी मंडपाजवळचा नगारखाना जवळून या लेन्सच्या आवाक्याबाहेर जातो. त्याच्या कमानीच्या कोरीवकामावर समाधान मानावे. अंबाबाईच्या गाभाऱ्याच्या परिसरात छायाचित्रणास मनाई असते, तेथे कोणतीही लेन्स सारखीच. महाद्वाराबाहेरच्या वेण्या, ओटीचे साहित्य, हिरव्या बांगड्या आणि कुंकवाच्या राशी यांची मांडणी मात्र एकदा नव्हे, वारंवार टिपावी अशी आहे, आणि मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने सायंकाळी महाद्वाराच्या तोंडाशी येणारा तिरपा उजेड त्या राशींना उठाव देतो. तो उजेड किती नेमका येतो हे किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीची किरणे देवीपर्यंत पोहोचताना सगळे शहर पाहतच असते.

वापरातल्या उणिवांपैकी एक मला विशेष खटकते. लेन्सवर अंतराचे आकडे छापलेले नाहीत, आणि फोकसचे कडे विजेवर चालते, म्हणजे कॅमेरा बंद किंवा झोपेत असताना ते फिरवून काहीच होत नाही. गल्लीतल्या छायाचित्रणात एफ/८ ठेवून फोकस पावणेचार मीटरवर बांधून टाकला, की साधारण दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट येते आणि फोकसची वाट न पाहता बटन दाबता येते. आकडे नसल्यामुळे हे करण्यासाठी आधी तेवढ्या अंतरावरच्या एखाद्या खांबावर फोकस करून मग तो हाताच्या पद्धतीवर टाकावा लागतो, आणि कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केल्यावर तो तपासून घ्यावा लागतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी, बादल्या आणि गिऱ्हाईक यांची जी लगबग असते तेथे हा व्याप नकोसा वाटतो. एफ/२.८ ला कोपरे थोडे काळवंडतात, ते एफ/५.६ पर्यंत निवळतात. व्हिडिओत मोटरचा आवाज येतो. व्हिडिओ हा माझा विषय नाही.

आणखी एक गोष्ट लेन्सच्या पत्रकात लिहिलेली नसते. तीन मीटर हे बोलण्याचे अंतर आहे. लांबच्या झूमने रस्त्यापलीकडून एखाद्याची रांगोळी टिपता येते, तशी येथे टिपता येत नाही. घरातली बाई दारात उभी असतेच आणि विचारावेच लागते. ‘काकू, रांगोळीचा एक फोटो काढू का?’ यावर कोल्हापुरात बहुधा ‘काढ की, पर मला घिऊ नको बाबा त्यात’ असेच उत्तर येते, आणि ते पाळावे. लहानशी चपटी लेन्स पाहून माणसे बिचकत नाहीत हा अनुभव आहे. मोठी पांढरी लेन्स पुढे आली की कोणत्या पेपरचे, हा प्रश्न आधी येतो. पुढच्या फेरीत चार बाय सहाची प्रत नेऊन दिली, तर शेजारचे दारही आपोआप उघडते.

नवे काही घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी थोडे सांगतो. कॅननच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) आर मालिकेतील कॅमेऱ्यावर ही लेन्स अडॅप्टर लावून चालते, पण अडॅप्टर स्वतःच २४ मिमी जाडीचा आहे, म्हणजे लेन्सपेक्षा जाड, आणि मग पॅनकेक घेण्याचा अर्थच उरत नाही. त्यांच्यासाठी २०२३ साली आलेली ‘आरएफ २८ मिमी एफ/२.८ एसटीएम’ ही १२० ग्रॅमची लेन्स अधिक योग्य ठरते. मात्र क्रॉप सेन्सरवर तिचा कोन अरुंद होतो, आणि दहा फुटांच्या गल्लीत उभ्या चौकटीची उंची २.८ मीटरऐवजी २.४ मीटर भरते. म्हणजे दार आणि तोरण बसते, पायऱ्या सुटतात. जवळच्या कामातही ती तेरा सेंटिमीटर रुंदीपेक्षा लहान भाग चौकटीत भरू शकत नाही. तेवढ्यात चपलेची वेणी गोंड्यासह चांगली येते, पण गुजरीतल्या साजाचे एकेक पान टिपायचे असेल तर जुना डीएसएलआर आणि ही २४ मिमीची लेन्स अजून विकू नये.