टाइल बसवण्याआधीचे काम : न्हाणीघराच्या नूतनीकरण सेवेचा अभिप्राय
पुण्यातील आमच्या सदनिकेचे न्हाणीघर नव्याने करून घेताना टाइलपेक्षा तिच्यामागच्या भिंतीवर झालेली मेहनत मला अधिक मोलाची वाटली. कारागिरांनी जुना रंग आणि पुट्टी पूर्ण खरवडून गिलावा उघडा केला, हातोडीच्या दांड्याने ठोकून जिथे पोकळ आवाज आला तेवढा भाग काढून पुन्हा भरला आणि प्रत्येक भिंत ओळंब्याने तपासली.

पाइप झाकणाऱ्या पडदीसाठी त्यांनी सुरुवातीला जिप्सम बोर्ड सुचवला, तो मात्र मला पटला नाही. त्याचा गाभा पाणी शोषून मऊ पडतो आणि ओलावा सोसणारा हिरवा जिप्सम बोर्डदेखील दमटपणापुरताच असतो. शॉवरचे पाणी थेट पडते तिथे सिमेंट बोर्डच हवा. हे त्यांनी विनातक्रार मान्य केले, सांध्यांवर जाळीची पट्टी लावली आणि जलरोधक लेपाचे दोन हात दिले, तेही दुसरा हात पहिल्याला आडवा. टाइलसाठी आयएस १५४७७ या भारतीय मानकाचे अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने पसरले, त्यामुळे मागे पोकळी राहिली नाही. दर चढा आहे, तरी घाई नसलेल्यांनी हीच सेवा घ्यावी. फक्त बोर्डाचा प्रकार अंदाजपत्रकात आधीच लिहून घ्यावा.