हेच घर पुन्हा घेऊ का? एका राहत्या घराचे परीक्षण

घराविषयीचे अभिप्राय बहुधा ताबा मिळाल्याच्या उत्साहात लिहिले जातात, त्यामुळे ते फरशी, रंग, स्वयंपाकाचा ओटा आणि नव्या नळांच्या चकाकीपाशीच थांबतात. या सगळ्या गोष्टी पुढे बदलता येतात. खिडक्यांची दिशा, खोल्यांची मांडणी, रस्त्याचे सान्निध्य, जलवाहिन्यांची रचना आणि शेजार मात्र बदलता येत नाहीत, आणि त्यांची पारख सगळे ऋतू एकापेक्षा अधिक वेळा त्या घरात काढल्यावरच होते. म्हणून आमच्या घराचे हे परीक्षण मी एकाच कसोटीवर लिहीत आहे: आज जे ठाऊक आहे ते खरेदीच्या वेळी ठाऊक असते, तर त्याच किमतीला हेच घर पुन्हा घेतले असते का?

या प्रश्नाचे घरमालकाने दिलेले उत्तर सहसा घराच्या बाजूने झुकलेले असते, हे आधीच नमूद करायला हवे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना कॉफीचे मग देण्यात आले; ते परत विकण्यासाठी त्यांनी मागितलेली किंमत, मग न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक होती. थोडा वेळ हाती असलेल्या मगाबाबत हे घडत असेल, तर ज्या घरात मुले वाढली त्याबाबत किती घडेल! त्यामुळे संपूर्ण घराबद्दल एकदम मत देण्याऐवजी प्रत्येक न बदलणाऱ्या बाबीचा वेगळा विचार करणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

या घरातील सर्वांत उत्तम गोष्ट म्हणजे समोरासमोरच्या भिंतींतल्या खिडक्या. हवा खेळण्यासाठी तिला आत येण्याची वाट जितकी आवश्यक, तितकीच बाहेर पडण्याचीही असते. एकाच भिंतीत दोन मोठ्या खिडक्या असलेल्या खोलीपेक्षा, आमने-सामने दोन लहान खिडक्या असलेली खोली बहुधा अधिक मोकळी राहते. आमच्या बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत हा सरळ मार्ग मिळतो, आणि त्याचा लाभ केवळ गारव्यापुरता नाही: आंघोळ, स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे यांतून निर्माण होणारी वाफ बाहेर निघून जाते, म्हणून भिंतींच्या कोपऱ्यांत बुरशी धरत नाही. या एका बाबीसाठी मी हे घर निःसंशय पुन्हा निवडेन.

बैठकीची खोली पश्चिमेला उघडते, आणि इथे मात्र माझे मत बरेच सावध आहे. दुपारनंतर बाहेरची हवा आधीच तापलेली असते, त्याच वेळी ऊन थेट या भिंतीवर येते, आणि भिंतीत साठलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत आत उतरत राहते. खिडकीवर पुरेसा रुंद छज्जा आहे, परंतु मावळतीकडे झुकलेल्या सूर्याचे किरण जवळजवळ आडवे येत असल्यामुळे छज्जा त्यांना अडवू शकत नाही. आतले जाड पडदेही फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण काचेतून आत आलेली उष्णता पडद्यावर अडली तरी ती खोलीतच राहते. काचेच्या बाहेरून बसवलेल्या झडपांनी मोठा फरक पडला. माझ्या मते पश्चिमाभिमुख घर घेताना या झडपांचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करावी; तो धरला तर हे घर आम्ही पुन्हा घेऊ, न धरता घेणार नाही.

रस्त्याच्या बाजूची झोपण्याची खोली ही या घराची सर्वांत मोठी उणीव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, रात्रीच्या रस्तेवाहतुकीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या खाली असावा अशी ठाम शिफारस आहे. वाहत्या रस्त्यापासूनचे अंतर दुप्पट केले तरी आवाज साधारणपणे ३ डेसिबलनेच उतरतो, आणि कानाला तो निम्म्यावर आल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची घट लागते. इमारत रस्त्यापासून थोडी आत आहे, या विक्रेत्याच्या आश्वासनाला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. दुहेरी काच आणि चौकटीच्या फटी बुजवणारी रबरी पट्टी यांनी आवाज बराच कमी होतो, पण खिडकी बंद असेपर्यंतच, म्हणजे ज्या वाऱ्यासाठी हे घर आवडले तो सोडून. ही खोली मी पुन्हा निवडणार नाही.

जलवाहिन्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, दोन्ही न्हाणीघरे आणि स्वयंपाकघर एकाच उभ्या नळमार्गाला लागून आहेत आणि तो मार्ग बाहेरून उघडता येतो. गळती झाली तेव्हा फरशी फोडावी लागली नाही. खरेदीच्या वेळी याकडे कोणी लक्ष देत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अंतराचा विचार मात्र विस्ताराने करावा लागतो, कारण मोठी खोली आणि जवळचे कामाचे ठिकाण यांत निवड करताना माणसे बहुधा खोली निवडतात. ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील माहितीवरून दाखवले, की ज्यांना कामावर जाण्या-येण्यास अधिक वेळ लागतो, ते आयुष्याविषयी कमी समाधानी असल्याचे सांगतात. चांगल्या घराने किंवा अधिक पगाराने त्या त्रासाची पूर्ण भरपाई झालेली दिसत नाही. वाढलेल्या जागेची सवय लवकर होते, परंतु प्रवास रोज नव्याने करावा लागतो. आमचे घर ऐसपैस नसूनही मला ते पुरेसे वाटते, याचे मोठे कारण म्हणजे दोघांचीही कामाची ठिकाणे जवळ आहेत. शिवाय कर्जाच्या हिशेबात हा निर्णय सहज फिरवता येत नाही: वार्षिक ८ टक्के दराच्या, २० वर्षांच्या समान हप्त्यांच्या कर्जात पहिल्या हप्त्याचा सुमारे ८० टक्के भाग व्याजात जातो आणि अर्धे मुद्दल फिटायलाच साडेतेरा वर्षांहून अधिक काळ लागतो.

हा प्रश्न घरातील प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावा, असे मी आग्रहाने सुचवेन, आणि जी व्यक्ती दिवसाचा सर्वाधिक वेळ घरात घालवते तिच्या उत्तराला सर्वाधिक वजन द्यावे. माझे पती आवाजाकडे दुर्लक्ष करू शकतात, म्हणून त्यांचे उत्तर सरळ होकारार्थी आहे. माझे उत्तर झडपांच्या आणि झोपण्याच्या खोलीच्या अटीवर होकारार्थी आहे. सासूबाई दिवसभर घरी असतात. त्यांना हीच इमारत, हाच मजला आणि हेच शेजारी पुन्हा हवे आहेत, परंतु जिन्यापलीकडचे, अंगणाकडे उघडणारे घर.