झेंडूला १९:१९:१९ आणि शेंडा खुडणी: जून ते नोव्हेंबरचा हिशेब

वापर असा: गच्चीवर आणि गॅलरीत १२ इंची कुंड्या, उंच वाढणारा आफ्रिकन झेंडू, खत विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं), नंतर ०:५२:३४ (नत्र नाही, फक्त स्फुरद आणि पालाश). निकाल आधी सांगून टाकतो. खत चांगलं आहे, पण फुलांची संख्या वाढली ती खुडणीने, आणि तिला खर्च शून्य. न खुडलेल्या रोपाला नुसतं खत घातलं की ते काठीसारखं वर जातं, टोकाला एक टपोरं फूल धरतं आणि सप्टेंबरच्या पहिल्या जोरदार सरीत आडवं होतं.

कारण साधं आहे. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की डोळे जागे होतात. प्रत्येक जोडपानात दोन डोळे, म्हणून चार जोड्या ठेवून वरचं खुडलं तर सात-आठ फुटवे मिळतात.

वेळ चुकवू नका. रोप लावल्यावर १५ ते २० दिवसांत ते वीतभर होतं, पाच-सहा जोड्या दिसतात; तेव्हाच. शेंडा बोटांनी टचकन मोडला पाहिजे. कात्री लागत असेल तर उशीर झालाय, खोड निबर झालंय आणि फुटवे कमी येतील. जोडपानाच्या अगदी वर मोडा. वर लांब खुंट ठेवला तर पावसाळ्यात तो काळा पडतो आणि कूज खाली सरकते. मुंबईत यासाठी उघडीप गाठावी लागते. सकाळी खुडा, संध्याकाळपर्यंत जखम सुकते.

खताचं प्रमाण: लिटरला २ ग्रॅम १९:१९:१९, कुंडीला अर्धा लिटर, माती आधीच ओलसर असताना. खुडणीनंतर पहिला हप्ता, मग दर दहा दिवसांनी, असे तीन-चार हप्ते. फुटव्यांवर मटाराएवढ्या कळ्या दिसल्या की थांबा. इथेच बहुतेक जण घसरतात: रोप हिरवंगार दिसतंय म्हणून नत्र चालूच ठेवतात, मग पानं माजतात, कळ्या लांबतात आणि मऊ शेंड्यांवर मावा बसतो. जुलैत आणखी एक गोची: पावसाच्या तोंडावर घातलेलं खत कुंडीच्या भोकातून गटारात जातं. आभाळ भरलं असेल तर हप्ता पुढे ढकला. पायाला, म्हणजे कुंडी भरताना मातीत, मात्र एक तृतीयांश कुजलेलं शेणखत हवंच. पेंड भिजवून घालण्याचा प्रयोग बिल्डिंगमध्ये करू नका, वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

०:५२:३४ बद्दल मत जरा वेगळं आहे. लिटरला १ ग्रॅमने दोन हप्ते पुरतात. त्यापुढे स्फुरद साठत गेला की लोह-जस्त रोपाला मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. लोक त्यावर आणखी खत ओततात! कॅल्शियम नायट्रेटसोबत एकाच बादलीत तर हे कधीच मिसळू नका, पांढरा साका तळाला बसतो. कुंडीच्या काठावर पांढरी पूड दिसली तर एक-दोनदा नुसतं भरपूर पाणी घालून क्षार धुऊन काढा.

दसऱ्याचं गणित महत्त्वाचं. खुडणीमुळे फुलं दहा-पंधरा दिवस मागे जातात. २०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला होता. अशा वर्षी बी जूनअखेरीला पडायला हवं, लावणी जुलैअखेर, खुडणी ऑगस्टच्या मध्यात. फुटव्यांची दुसरी खुडणी फक्त दिवाळीसाठी ठेवलेल्या कुंड्यांत करावी. तिच्यानंतर फुलं जास्त येतात पण लहान; हाराला चालतात, टपोरा गोंडा हवा असेल तर एकच खुडणी बरी. बुटका फ्रेंच झेंडू स्वतःच फुटतो, त्याला हात लावायची गरज नाही.

दोन ठिकाणी हे सगळं वाया जातं. थेट ऊन पाच-सहा तासांपेक्षा कमी असलेल्या गॅलरीत फुटवे लांबडे, फिकट होतात. आणि पॅसेजमधल्या रात्रभर जळणाऱ्या ट्यूबखाली कळी उशिरा धरते, कारण आफ्रिकन झेंडूला लांब रात्र मानवते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात लाल कोळी येतो. पानं धुळकट, ठिपक्यांची दिसली की खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, एक दिवसाआड. सुकलेली फुलं देठासकट, खालच्या पानापर्यंत काढत राहा, नाहीतर रोप बी भरायला लागतं.

तक्रार एकच, पाकिटाची. दहा कुंड्यांना चार हप्ते म्हणजे जेमतेम ४० ग्रॅम, आणि दुकानात मिळतं किलोचं पाकीट. मुंबईच्या दमट हवेत उघडलेल्या पाकिटाचा आठवड्यात दगड होतो, मग चमच्याचं माप खोटं ठरतं. शेजाऱ्यांत वाटून घ्या, उरलेलं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, आणि मापाला चमचा नव्हे, छोटा वजनकाटा.