टेकसन पीएल-६८०: प्रसारण केंद्रांपलीकडचे ऐकवणारा रेडिओ संच

रेडिओ संचाचा आवाज कसा आहे, हे बहुतेक जण एफएमवर एखादे गाणे लावून ठरवतात. टेकसन पीएल-६८०ला तोच निकष लावला, तर संच ठीकठाक वाटेल, इतकेच. एफएमवर सुमारे १५ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी पोहोचत असल्याने झांजेची किणकिणही स्पष्ट येते. स्पीकर एकच असल्यामुळे स्टिरिओचा लाभ मात्र हेडफोन लावल्यावरच मिळतो. या संचाची खरी योग्यता कळते ती शॉर्टवेव्हवर आणि प्रसारण केंद्रांच्या पलीकडे.

मीडियम वेव्हवर केंद्रांना शेजारीशेजारी ९ किंवा १० किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेले असते, म्हणून तिथे आवाजाची वरची पट्टी छाटली जाते. शेजारचे केंद्र घुसखोरी करू लागले, तर या संचावर बँडविड्थ, म्हणजे संच एका वेळी घेतो तो लहरींचा पट्टा, अरुंद करता येते. आवाज थोडा दबतो, पण शब्द सुटे होतात. शॉर्टवेव्हचा त्रास निराळा आहे. आयनांबरावरून, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतणारी लहर क्षणोक्षणी क्षीण होते आणि त्यात आवाज वाहून आणणारी मूळ लहर, म्हणजे वाहक लहर, नेमकी विरली, की निवेदकाचा आवाज फाटतो. अशा वेळी सिंक्रोनस डिटेक्शन चालू केले, की संच स्वतःची स्थिर वाहक लहर पुरवतो आणि तिच्या दोन बाजूंना आवाज घेऊन येणाऱ्या पट्ट्यांपैकी, म्हणजे साइडबँडपैकी, जी स्वच्छ असेल ती आपल्याला निवडता येते. या किमयेचे मला फार मोल वाटते.

सर्वांत जास्त रमावे ते एसएसबीमध्ये, म्हणजे एकाच साइडबँडवरच्या प्रक्षेपणात. हौशी रेडिओचालक वाहक लहर आणि एक साइडबँड गाळून उरलेल्या जेमतेम ३ किलोहर्ट्झमध्ये बोलतात, त्यामुळे प्रक्षेपकाची सगळी शक्ती आवाजालाच मिळते. मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह केंद्रे ज्या जुन्या एएम पद्धतीने बोलतात, तेवढीच ओळखणाऱ्या साध्या संचावर हे बोलणे बदकाच्या कलकलाटासारखे ऐकू येते. इथे १० मेगाहर्ट्झच्या खाली सहसा लोअर आणि वर अप्पर साइडबँड निवडायची आणि कडेची बारीक चकती अगदी सावकाश फिरवायची. स्वर चिरका असतो, मग घोगरा होतो आणि मधल्या केसभर जागेत माणसाचा नैसर्गिक आवाज उमटतो. ही चकती घाईने फिरवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या विमान पट्ट्यात वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे संभाषण येते. ते ऐकण्याचे नियम देशागणिक वेगळे असल्याने आधी पाहून घ्यावेत. एफएम इतके स्वच्छ असताना विमानांसाठी जुने एएम का टिकले, याचे कारण विलक्षण आहे. एफएमवर दोघे एकाच वेळी बोलले, तर बलवान लहर दुसरीला पुसून टाकते आणि दबलेल्या वैमानिकाचे बोलणे झाले होते हेच कळत नाही. एएमवर दोन्ही लहरी मिसळून शिटी किंवा खरखर ऐकू येते आणि नियंत्रकाला पुन्हा विचारता येते. आवाजाचा दर्जा इथे सुरक्षिततेपुढे दुय्यम ठरतो आणि तो तसाच असायला हवा.

मर्यादा मोठी आहे ती डिजिटलची. डॅब प्लस या डिजिटल पद्धतीची केंद्रे एचई-एएसी या डिजिटल ध्वनिरूपात आवाज पाठवतात आणि त्यांचा पट्टाच या संचात नाही. डीआरएम ही दुसरी डिजिटल पद्धत मात्र याच मीडियम आणि शॉर्टवेव्ह पट्ट्यांत येते. ते लावल्यास नुसता एकसारखा घोष ऐकू येतो, कारण उलगडा करणारी यंत्रणा आत नाही. जहाजांचा १५६.८ मेगाहर्ट्झवरील सोळावा चॅनेल आणि वॉकीटॉकीचे अरुंद एफएम हेही कक्षेबाहेरच राहतात. त्यांच्यासाठी वेगळा स्कॅनर रेडिओ घ्यावा. ज्यांच्या भागातील केंद्रे डॅब प्लसवर गेली आहेत आणि ज्यांना मुख्यतः गाणीच ऐकायची आहेत, त्यांनी हा संच घेऊ नये. शॉर्टवेव्ह आणि एसएसबीसाठी संच शोधणाऱ्यांना मात्र मी तो निःसंकोच सुचवीन. फक्त सोबत लांब तारेची अँटेना घ्यावी आणि मोबाइल चार्जर, एलईडी दिवे यांपासून संच दूर ठेवावा.