घर दाखवणारे खूप भेटले, नीट दाखवणारा एकच भेटला (पाचपैकी साडेचार स्टार)

हा रिव्ह्यू घराचा नाही, घर दाखवण्याच्या सर्व्हिसचा आहे. चार महिन्यांत आम्ही तीन एजंटांबरोबर मिळून १४ घरं बघितली आणि त्यातली शेवटची सहा ज्यांनी दाखवली त्यांच्याबद्दल लिहितेय. त्यांना न विचारता नाव टाकणं बरोबर वाटत नाही, आणि आधीच्या दोघांचं तर मला टाकायचंच नाहीये. पण जे घर शोधतायत किंवा विकतायत त्यांनी वाचाच, कारण व्हिजिटला कसं वागायचं हे आपल्याला कोणी सांगतच नाही, एजंटलाही नाही आणि बघायला जाणाऱ्यालाही नाही.

मला ह्या गोष्टीचं इतकं का वाटतं ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही आमचं जुनं घर विकलं तेव्हा मी दाराच्या आतल्या बाजूला होते. त्यावेळच्या एजंटकडे चावी दिलेली होती. एकदा दुपारी सासूबाई ऑपरेशननंतर घरी आल्या होत्या, झोपल्या होत्या, आणि हा माणूस बेल न वाजवता कुलूप उघडून पाच जणांना घेऊन थेट बेडरूममध्ये. सासूबाई दचकून उठल्या, टाके ताजे होते, त्यांना नंतर कितीतरी दिवस दाराचा आवाज झाला की धस्स व्हायचं. त्या पाचांपैकी एकीने माझं कपड्यांचं कपाट उघडून आत किती जागा आहे ते बघितलं. आणि पोराच्या खोलीचे कोणीतरी फोटो काढले ते आम्हाला न विचारता जाहिरातीत दिसले, भिंतीवर त्याचं नाव आणि शाळेचा फोटो सकट. त्या दिवशी मला कळलं की विकायला काढलेलं घर हे अजून कोणाचं तरी राहतं घर असतं, आणि हे ज्या एजंटला कळतं त्याच्याबरोबरच फिरायचं.

तर हे तिसरे एजंट, आपण त्यांना दादा म्हणू कारण मी त्यांना दादाच म्हणते. पहिल्या फोनवर त्यांनी घर दाखवायचं सोडून २० मिनिटं आम्हालाच प्रश्न विचारले, बजेटची वरची मर्यादा किती, लोन मंजूर करून ठेवलंय का, किती दिवसांत रहायला जायचंय, घरात जिने न चढणारं कोणी आहे का. मला आधी वाटलं हे जरा जास्तच विचारतायत पण नंतर लक्षात आलं की आधीच्या दोघांनी हेच विचारलं नव्हतं म्हणून आम्ही आठातली पाच घरं उगाच बघितली, आणि उगाच म्हणजे फक्त आमचा वेळ गेला असं नाही, त्या पाच घरांतल्या माणसांनी आमच्यासाठी घर आवरलं होतं. मग ते म्हणाले, "ताई, पहिल्या व्हिजिटला निर्णय घेणारे दोघंच या, बाकीच्यांना दुसऱ्या वेळी आणू." माझ्या नणंदेला वाईट वाटलं थोडं, पण बरोबरच आहे ते. सात जण एका हॉलमध्ये उभे राहिले की कोणालाच काही नीट बघता येत नाही आणि घरच्या माणसाला कोण कुठल्या खोलीत आहे हेही कळत नाही.

आदल्या दिवशी कन्फर्म करणं, निघायच्या तासभर आधी मेसेज, आणि उशीर होणार असेल तर आधी कळवणं हे त्यांनी सहाच्या सहा वेळा केलं. एकदा आम्हीच ट्रॅफिकमध्ये अडकलो तर त्यांनी आम्हाला थांबवलं आणि दुसरी वेळ घेतली, कारण त्या घरात भाड्याने राहणारी मुलगी नाईट शिफ्ट करून आलेली होती आणि तिने फक्त अर्धा तास दिला होता. मालकाने तर सांगितलं होतं की कधीही जा. पण दादांनी वेळ मालकाला नाही, त्या मुलीला विचारून ठरवलेली. घर मालकाचं असलं तरी आतलं सामान, आतली झोप, सगळं तिचं आहे ना.

खाली गेटपाशी उभं करून ते प्रत्येक वेळी दोन मिनिटं बोलायचे. मुख्य सूचना एकच, आत गेल्यावर किंमतीवर बोलायचं नाही आणि घर आवडलं की नाही हेही बोलायचं नाही, जे काय ते खाली उतरल्यावर. कारण एक तर आता बऱ्याच घरांत कॅमेरे असतात, दारावरच्या बेलमध्येसुद्धा कॅमेरा आणि माइक असतो, त्यामुळे ओनर घरात नसला तरी ऐकतोय असं धरूनच चालायचं. दुसरं म्हणजे आपण स्वतःच आपली बाजू हलकी करतो. हे आम्ही आधीच्या एजंटबरोबर भोगलंय. एका घराच्या हॉलमध्येच माझा नवरा म्हणाला की बस, हेच घ्यायचं, ओनर स्वयंपाकघरात उभे होते, आणि त्यानंतर ते एक पैसा खाली आले नाहीत, का येतील? आणि उलटंही तितकंच वाईट, "किती अंधार आहे इथे" किंवा "हे सगळं तोडून टाकू" असं कोणाच्या तोंडावर बोलणं. त्या किचनमध्ये त्या बाईची २० वर्षं गेलेली असतात.

दारात पोचल्यावर खिशात चावी असली तरी बेल वाजवायची, थांबायचं, परत वाजवायची, मग दार उघडून मोठ्याने आवाज द्यायचा. ते स्वतः आधी आत जाणार, मग आम्ही. आमची नावं सांगून ओळख करून देणार. चपला कुठे काढायच्या ते विचारणार. घरात कुत्रा असेल तर तो कुठे आहे आणि कुठलं दार उघडायचं नाही ते आधीच माहीत करून घेतलेलं असायचं. बाथरूम बघायची, वापरायची नाही, बेडवर टेकायचं नाही. ह्या छोट्या गोष्टी वाटतील पण समोरच्या माणसाचा चेहरा बघा, तो लगेच सैल होतो आणि मग स्वतःहून घराबद्दल सांगायला लागतो. एका घरात काकांनी स्वतःच दाखवलं की पावसाळ्यात ह्या खिडकीखाली पाणी झिरपतं, दोन वर्षांपूर्वी दुरुस्ती केली पण अजून थोडं येतं. मला नाही वाटत की नाक मुरडत फिरणाऱ्या माणसाला त्यांनी हे सांगितलं असतं.

आता काय उघडायचं आणि काय नाही, ह्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर. घराबरोबर जे विकलं जाणार आहे, म्हणजे भिंतीत बसवलेली कपाटं, किचनच्या ट्रॉल्या, सिंकखालचा कप्पा, माळा, इलेक्ट्रिकचा बोर्ड, हे बघायचा हक्क आपल्याला आहे, पण विचारून. सुटं कपाट, फ्रिज, टेबलाचे ड्रॉवर, औषधांचा डबा, ह्यांना हात लावायचा नाही, ते सामान आपण विकत घेत नाहीये. दादा ओनरकडून आदल्या दिवशीच विचारून ठेवायचे की कायकाय उघडलं तर चालेल, त्यामुळे ओनरला दागिने, कागदपत्रं उचलून ठेवायला वेळ मिळायचा आणि आम्हाला बिनधास्त बघता यायचं. फोटोचंही तसंच. आधी परवानगी, मग फक्त भिंती, छत, नळ, बोर्ड, आणि घरच्यांचे फोटो, मुलांची नावं फ्रेममध्ये येऊ द्यायची नाहीत. टेपने माप घेताना टेपचं टोक कोणाच्या फर्निचरवर घासायचं नाही हेसुद्धा त्यांनी सांगितलं, आणि टेप त्यांच्याच बॅगेत असायची.

सभ्यपणे वागायचं म्हणजे नीट तपासायचं नाही असा अर्थ मात्र कोणी काढू नका, उलट त्यांच्याबरोबर आम्ही जास्त तपासलं. पहिल्या एजंटने आठ-दहा मिनिटांत हॉल, किचन, बेडरूम करून बाहेर काढलं होतं. इथे प्रत्येक घराला ४५ मिनिटं धरलेली. दोन नळ एकदम सुरू करून फ्लश दाबायचा, प्रेशर पडतं का बघायचं. सिंकमध्ये पाणी साठवून सोडलं की किती वेगाने जातं. टाइल्सवर बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज येणारी टाइल खालून सुटलेली असते. पूर्ण भिंत जुनी आणि एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर का ते विचारायचं, आणि सगळ्या खिडक्या बंद ठेवून जोरदार रूम फ्रेशनर मारलेला असेल तर खिडक्या उघडून पाच मिनिटं थांबायला सांगायचं, ओल असली की तिचा वास परत येतो. प्लास्टरला केसासारख्या बारीक चिरा बहुतेक घरांत असतात, पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, नाण्याची कड आत जाईल एवढी भेग दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. प्रत्येक खोलीत मोबाइलचं नेटवर्क बघायचं. बोर्डवर आरसीसीबी आहे का बघायचं, घरगुती लाइनला साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो, करंट गळायला लागला की तो लाइन तोडतो. त्याला टेस्टचं बटण असतं आणि ते दाबलं की तो पडायलाच हवा. माझा नवरा दाबणारच होता तेवढ्यात दादांनी हात धरला, कारण घरातले लाइट जातात, आतल्या खोलीत काकांची मुलगी कॉम्प्युटरवर मीटिंगमध्ये होती. तिची मीटिंग संपल्यावर तिला सांगून मग दाबलं. मला हे फार आवडलं, तपासणी सोडली पण नाही आणि कोणाचं काम बिघडवलं पण नाही.

एक प्रसंग सांगायलाच हवा. पाचव्या घरात एकट्या आजी होत्या. का विकताय हा प्रश्न घेणाऱ्याला पडतोच आणि तो विचारायचा हक्कही आहे, कारण कधी वाद असतात, कधी कर्ज असतं. पण दादांनी खालीच सांगितलं, "आजोबा गेल्या वर्षी गेले, आजी मुलीकडे रहायला जाणार आहेत, कागद दोघांच्या नावावर आहेत, वारसांची कागदपत्रं मी बघितलीत, तुमच्या वकिलांनाही दाखवू. आत हा प्रश्न नको." म्हणजे आम्हाला हवी ती माहिती मिळाली आणि आजींना तिऱ्हाईतासमोर ते सगळं परत सांगावं लागलं नाही. ते घर आम्ही घेतलं नाही कारण लिफ्ट नव्हती, पण त्याच संध्याकाळी दादांनी आमच्याकडून कारण विचारून घेतलं आणि आजींच्या मुलीला कळवलं. नकार सरळ आणि त्याच दिवशी द्यायचा, हे आता मी पाळते. आमचं घर विकताना लोक "कळवतो" म्हणून गायब व्हायचे आणि आम्ही आठवडा-आठवडा वाट बघत बसायचो.

ब्रोकरेजबद्दलही पहिल्याच भेटीत स्पष्ट होते. एका घरात त्यांना ओनरकडूनही मिळणार होतं, तर ते त्यांनी आधीच सांगितलं आणि म्हणाले की तिथे किंमतीचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका, दुसऱ्या कोणाला विचारा. हे किती जण सांगतात? आणि आपणही मग ओनरचा नंबर गुपचूप घेऊन एजंटला बाजूला काढायचं नाही, ज्याने घर दाखवलं त्याचं काम आहे ते.

अर्धा स्टार का कापला? दोन कारणं. जाहिरातीतले फोटो त्यांनी फोनच्या ०.५ वाल्या वाइड लेन्सने काढलेले असतात, ती साधारण १३ मिमीची असते, नेहमीची लेन्स २४-२६ मिमीची, त्यामुळे कडा ताणल्या जातात आणि छोटी बेडरूमपण हॉलएवढी दिसते. एक घर आम्ही त्याच्यामुळेच बघायला गेलो आणि बेड टाकल्यावर कपाटाचं दार उघडणार नाही एवढीच खोली निघाली, ह्या आमच्या फेरीने तिथल्या लोकांचा रविवार फुकट गेला. मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, नव्या घरांच्या फोटोखाली आता मापं लिहितात. आणि एकदा आधीची पार्टी आत असतानाच आम्हाला वर बोलावलं, दोन्ही पार्ट्या पाच-सात मिनिटं एकाच घरात, ओनर बिचारे दोघांकडे बघत उभे, कोणालाच मोकळं बोलता येईना. दोन व्हिजिटमध्ये निदान १५ मिनिटांची फट हवीच.

सहावं घर आम्ही घेतलं, तेच, काकांनी झिरपणारी खिडकी दाखवलेलं. टोकन देण्याआधी दादांनी आम्हाला परत दोनदा नेलं, एकदा कामाच्या दिवशी सकाळी रस्त्याचा आवाज ऐकायला आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर, त्या खिडकीखाली हात लावून बघायला. भिंत ओली होती. ते दुरुस्तीचं काम काकांनी किंमतीतून वजा केलं, काही घासाघीस न करता. निघताना दादांनी नेहमीसारखे लाइट बंद केले, आम्ही उघडलेल्या खिडक्या लावल्या, कुलूप ओढून बघितलं आणि काकांना मेसेज टाकला की आम्ही बाहेर पडलोय.

आणि हो, व्हिजिटवर असताना दादा फोन उचलत नाहीत, मेसेज टाकायचा, संध्याकाळी स्वतःहून करतात.